शाईतलं दार

घड्याळजी भर बुधवारी दुकान बंद करून घरी आला, तेव्हाच ताईच्या लक्षात आलं की गोष्ट आता आपल्या हातात राहिलेली नाही. वडील, म्हणजे नाना, गेले त्या दिवशीसुद्धा या तिच्या भावानं दुपारपर्यंत अर्धं शटर वर ठेवलं होतं. कोणाचं तरी घड्याळ द्यायचं राहिलं होतं म्हणे. आज त्याचं भिंग कपाळावर तसंच चढवलेलं होतं, आणि ते आपण काढलेलं नाही याचा त्याला पत्ताही नव्हता. तो उंबऱ्यातूनच म्हणाला,

"ते दार काढायचं नाही."

जेवणाच्या टेबलावर नकाशाचं शेवटचं प्रूफ पसरलेलं होतं. ते गुंडाळलं जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार बशा ठेवल्या होत्या आणि पाचव्या बशीतून खिळेकाका चहा पीत होते.

"आधी चपला काढ," ताई म्हणाली.

"चपला काढतो. दार नाही काढायचं."

खिळेकाकांना हसू आलं. मग या घरात, या विषयावर हसणं बरं नव्हे असं वाटून त्यांनी बशीतल्या चहावर उगाच फुंकर मारली.

"मी ते काढतेय हे तुला कोणी सांगितलं?"

"काकांनी."

"मी एवढंच म्हटलं की दुसऱ्या आवृत्तीत उत्तरेची भिंत जरा बदलतेय," काका घाईघाईनं म्हणाले. "घड्याळाला पट्टा बसवून घ्यायला गेलो होतो. पट्टा बसेपर्यंत माणूस तोंड मिटून किती वेळ बसणार?"

"तुम्ही पट्टा बसायच्या आधीच बोललात," घड्याळजी म्हणाला आणि खुर्ची ओढून बहिणीच्या समोर बसला.

शहरातल्या जुन्या बागांचा इतिहास शोधून छापणारं हे मंडळ म्हणजे सात-आठ निवृत्त माणसं. पगार नाही, कचेरी नाही, कपाट तेवढं ताईच्या घरातलं. खिळेकाकांनी उमेदीची सगळी वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते, म्हणून संपादक ते. ताईचा जन्म भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेलेला, म्हणून नकाशे तिचे. इमारत पडली तरी पाया राहतो, बागेचं तसं नसतं. माळी गेला की दोन वर्षांत वाटा गवताखाली जातात आणि ताटव्यांचे आकार मिटतात. मग ती बाग उरते फक्त माणसांच्या डोक्यात. मंडळाचे लोक एका कागदावर नुसती बाहेरची हद्द आखून घेऊन म्हाताऱ्या माणसांकडं जात आणि म्हणत, बोट ठेवा, कुठं काय होतं. एकानं सांगितलेलं पेन्सिलीनं काढायचं. एकमेकांचं न ऐकता तिघांनी तेच सांगितलं तर शाईनं. छापायला देण्याआधी पेन्सिल पुसून टाकायची. तीन तोंडांचा हा नियम काकांचा, आणि तो त्यांनी स्वतःच्या आजोळच्या बागेसाठीही मोडला नव्हता.

दुसरी एक रीत होती, ती मात्र बाहेर कोणाला ठाऊक नव्हती. मंडळाची पहिली दोन पुस्तकं कोणीतरी जशीच्या तशी उचलून आपल्या नावावर छापली होती. तेव्हापासून प्रत्येक नकाशात एक लहानशी खोटी गोष्ट घातली जाई. कुठं नसलेलं कारंजं, कुठं एखादं जास्तीचं लिंबाचं झाड. चोरानं नकाशा चोरला की ती खोटी गोष्टही चोरली जाई आणि तो सापडे. तिला ते आपसात चकवा म्हणत. चकवा कोणता, हे नकाशा काढणाऱ्याला आणि काकांना एवढंच माहीत असे. दुसऱ्या आवृत्तीत तो काढून टाकत.

मागच्या पुस्तकात ताईच्या स्वतःच्या घराची बाग होती. बागेची उत्तरेची भिंत म्हणजे त्या कागदावरची सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत मोकळी रेघ. ताईनं त्या रेघेत एक लहान फट ठेवली आणि शेजारी पाव वर्तुळ काढलं. नकाशात दार असंच दाखवतात. तिला वाटलं होतं, आपल्याच घरचं आहे, इथं कोणाची फसगत व्हायची?

"ताई, तू तेव्हा इथं नव्हतीस," घड्याळजी म्हणाला. "तू शिकायला गेलीस ती सहा वर्षांनी आलीस. तुला दार आठवत नाही म्हणून ते नव्हतंच, असं कसं?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काढतेस कशाला? मी स्वतः त्याच्या बिजागऱ्यांना तेल घातलंय. कोंबडीच्या पिसानं. आधी वरच्या, मग खालच्या." बोलताना त्याचा उजवा हात टेबलावरून वर गेला आणि हवेतच काहीतरी उचलून त्यानं ते आपल्याकडं ओढलं. "कडी अशी वर उचलून मग ओढायची. नुसती ओढली तर किंचाळायची. आणि आत शिरताना वाकावं लागायचं. पलीकडं पाऊल टाकलं की अंगाला गार लागायचं. ओलसर गार."

ताईची नजर त्याच्या हातावरून हलेना. चाळीस वर्षं बारीक स्क्रू उचलणारा तो हात जे धरत होता ते खरोखर तिथं असल्यासारखं धरत होता. त्या भिंतीपलीकडं लाकडाची वखार होती. तिथं भुसा होता, ऊन होतं, आणि उन्हात वाळत टाकलेल्या फळ्या. गार तिथं काहीच नव्हतं. पण हे ती बोलली नाही.

"आणखी एक सांगतो," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "त्या दिवशी धाकट्याला मीच त्या दारातून काढून दिलं."

खिळेकाकांनी बशी हळूच खाली ठेवली.

धाकट्याचं नाव या घरात कोणी घेत नसे. दोघांचा सगळ्यांत लहान भाऊ, पंधरा-सोळा वर्षांचं पोर. नानांची रोपवाटिका आपण चालवणार नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं, आणि नानांनी पुढच्या फाटकाला कुलूप घालून किल्ली कोटाच्या खिशात टाकली. भिंतींवर काचा लावलेल्या. संध्याकाळी जेवायला हाक मारली तर पोर नाही. कुलूप जसंच्या तसं. त्यानंतर स्टेशनं झाली, इस्पितळं झाली, वर्तमानपत्रात फोटो झाला. पण तो गेला असं म्हणायची सोय नव्हती, कारण गेला कुठून, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मग लोकांनी तो शब्दच सोडून दिला. मागच्या वर्षी पुस्तक आलं, त्यात दार आलं, आणि घरातली माणसं प्रथमच सहज म्हणायला लागली, धाकटा गेला तेव्हा असं होतं, धाकटा गेला तेव्हा तसं होतं.

"इतकी वर्षं बोलला नाहीस?" ताईनं विचारलं.

"नाना होते तोवर बोलणं शक्य नव्हतं. नंतर मला नीटसं आठवेना. खरं सांगतो, नुसतं तेल आठवायचं. पीस आठवायचं. कुठल्या दाराचं, तेच आठवायचं नाही. तुझ्या नकाशात ते पाव वर्तुळ दिसलं आणि सगळं जागच्या जागी बसलं बघ. चाकात चाक बसावं तसं."

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या आणि थांबल्या. कोणीतरी ऐकत होतं.

ऐकत होती ती घड्याळजीची बायको, सूनबाई. ती नवऱ्याच्या आधीच तासभर येऊन सासूबाईंचे केस विंचरून देऊन मोकळी झाली होती. ताई साखरेच्या निमित्तानं आत आली तेव्हा ती ओट्याला पाठ लावून उभी होती.

"साखर टेबलावर आहे ताई," ती म्हणाली. "तुम्हाला माझ्याशी बोलायचंय. बोला."

"तू सांग. हे तुला आधी माहीत होतं?"

"बाहेर काढून दिलं ते? नाही. आत्ता ऐकलं." सूनबाईनं पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. "पण दार मी पाहिलंय. मला उगाच वेडी ठरवू नका. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मागं गेले होते. उत्तरेच्या भिंतीशी होतं. हिरवं. रंगाचे पोपडे सुटलेले. मी हात लावला तर एक पोपडा नखात शिरला. दोन दिवस ठणकत होतं बोट."

"उघडून पाहिलंस?"

सूनबाई विचारात पडली. "नाही. उघडायचं असतं असं वाटलंच नाही ते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. बंद दारासमोर माणूस उभं राहतं तसं मी उभी राहिले नाही. भिंतीसमोर उभं राहावं तशी राहिले." ती थोडी वैतागली. "शिवाय माळीबुवांची मुलगी आली होती ना मागच्या महिन्यात? ती काय म्हणाली? आमच्या बाबांनीच ते दार रंगवलं, रंग उरला म्हणून आमच्या खिडक्याही हिरव्या झाल्या. ती मला ओळखतही नव्हती. झाली की नाही तीन तोंडं? तुमच्याच नियमानं झाली."

ताईला तो दिवस आठवला. ती मुलगी, म्हणजे साठीची बाई, पुस्तक छातीशी धरून आली होती. भिंतीपाशी उभी राहून रडली होती आणि जाताना तिनं विचारलं होतं, बुजवलं कधी हो ते?

"ताई, तुमचं पुस्तक खरं असलं पाहिजे, मला कळतं," सूनबाई जवळ येऊन म्हणाली. "पण हे माणूस मी तीस वर्षं पाहतेय. या घरी यायचं म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखायचं. आले तरी बागेकडं पाठ करून बसायचे. आता दर रविवारी येतात, कुंपण छाटतात. परवा शीळ घालत होते. मी लग्नानंतर प्रथमच ह्यांची शीळ ऐकली. एवढ्याशा दारानं तुमचं काय बिघडतं? राहू द्या की. आणि आईंचाही विचार करा. धाकटा कुठून तरी बाहेर पडला, जिवंत पडला, एवढं तरी त्यांना असू द्या."

"आई तुला तसं म्हणाली?"

"त्या कशाला म्हणतील? आपणच समजून घ्यायचं असतं."

ताईनं साखरेचा डबा उचलला, टेबलावर साखर आहे हे आठवून तो परत ठेवला आणि मागच्या दारानं बागेत उतरली. खिळेकाका तिच्या मागोमाग निघाले.

दुपार ढगाळ होती. वारा नव्हता. गुलाबांची आळी, नेच्यांचा कोपरा, मधली विटांची वाट, सगळं तिनं शाईनं काढलं होतं तसंच होतं. कुंपण नव्यानं छाटलेलं, इतकं सरळ की पट्टी लावून छाटल्यासारखं. त्यानंतर हिरवळ लागत होती आणि हिरवळीच्या टोकाला भिंत.

"हे बघा," ताई थांबून म्हणाली.

हिरवळीवरून एक पाऊलवाट गेली होती. गवत बसलेलं, मधे माती उघडी पडलेली. ती वाट तिच्या नकाशात नव्हती. वर्षापूर्वी जमिनीवरही नव्हती. पुस्तक वाचून लोक येत, बाग बघायला मागत आणि शेवटी तिथं जाऊन उभे राहत. वाट सरळ भिंतीपाशी जाऊन संपत होती. संपते म्हणायलाही जीव धजत नव्हता, ती भिंतीखालून पुढं गेल्यासारखी दिसत होती.

"लोकांनी पाडलीय," काका म्हणाले. "पायांचं काम. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"मग तुमचा आवाज का असा झालाय?"

"वय झालं माझं."

ताई भिंतीजवळ गेली. दगडावर दगड, सांधे एकाआड एक, कुठं खंड नाही, कुठं नवं बांधकाम नाही. शेवाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं पसरलेलं, फक्त तिच्या छातीच्या उंचीवर एका जागी ते झिजून गेलं होतं. तिथं माणसांनी हात ठेवले होते. कोणी ठोठावून पाहिलं असेल. तिनंही नकळत हात उचलला आणि तिला जाणवलं की आपली बोटं सरळ नाहीत, वळलेली आहेत. कडी वर उचलायला वळतात तशी. तिनं तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"काका, मी हे स्वतःच्या मनानं काढलं. तुमच्यासमोर. तुम्ही म्हणालात, कारंजं नको, मागच्या वेळी कारंजं झालं."

"आठवतंय मला."

"मग त्याला बिजागऱ्या कुठून आल्या? रंग कुठून आला?"

काका पाऊलवाटेच्या बाहेर उभे होते, गवतात. वाटेवर पाय द्यायचं ते टाळत होते. "मी रात्रंदिवस तोच विचार करतोय. तीन माणसांनी एकमेकांशी न बोलता सांगितलं तर ते खरं. हे मी म्हणतो. पन्नास बागा आपण याच भरवशावर छापल्या. आता तुमचा चकवा माझ्या नियमानं खरा ठरला. तो खोटा म्हणून काढला, तर त्या पन्नास बागांचं मी काय करू?"

"म्हणजे ठेवायचा?"

"मी तुमच्या जागी असतो तर ठेवला असता," काका म्हणाले. "आणि आयुष्यभर या वाटेवर पाय दिला नसता."

घरातून आईची हाक आली. पातळ, पण स्पष्ट. "सगळे आत या. जे काय आहे ते माझ्यासमोर बोला."

आईला आता कमी दिसत असे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ती पावलांवरून माणसं ओळखायची. वर्षभर ती अनोळखी पावलं ऐकत होती. हिरवळीवरून जाणारी, थांबणारी, परत येणारी. जाताना भरभर जात आणि येताना रेंगाळत. घरातले लोक हल्ली हसत असत. धाकट्याची गोष्ट निघाली की कोणीतरी म्हणे, एव्हाना त्याचीही पोरं मोठी झाली असतील. मग सगळे तिच्याकडं बघत, हे तिला न दिसताही कळे, आणि ती मान हलवी. एवढंच. मान हलवण्यापलीकडं तिनं काही केलं नव्हतं.

तिची खुर्ची त्यांनी टेबलाशी आणली. सूनबाई तिच्या मागं उभी राहिली, घड्याळजी शेजारी बसला. ताई समोर, एकटी. या घरातल्या भांडणात ताई आणि घड्याळजी नेहमी एका बाजूला असत, नाना दुसऱ्या. आज बाजू बदलली होती आणि ते दोघांनाही जड जात होतं.

"मी उशीर केला, पण आता सांगते," ताई म्हणाली. "ते दार मी काढलं. म्हणजे कागदावर मीच निर्माण केलं. चोर पकडायला प्रत्येक नकाशात आम्ही एक खोटी गोष्ट घालतो. आपल्या बागेतली खोटी गोष्ट म्हणजे ते दार. काकांना विचारा."

"खरं आहे," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

घड्याळजी आधी हसला. "चोर पकडायला! अगं, मग मी काय चोर आहे? मला पकडलंस?"

"तसं नव्हे रे."

"तसंच. मी तेल घातलं ते खोटं? माझी बोटं खोटी? तू घरात नव्हतीस तेव्हा जे झालं ते सगळं तू पेन्सिलीचं ठरवणार आणि पुसणार?"

"अहो, हळू," सूनबाई म्हणाली. मग ताईकडं वळून, "तुम्हाला नाही वाटत, तुमच्या नकळत हाताला आठवलं असेल? खोटं म्हणून काढायला गेलात आणि खरं निघालं? ते असो. आईंसाठी ठेवा. आणखी काही मागत नाही मी."

"माझ्यासाठी?" आई म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

"ते दार मला आठवतं असं मी कधी म्हटलं?"

प्रत्येकजण वर्षभरातली संभाषणं मनात धुंडाळत होता आणि प्रत्येकाला आईची नुसती हललेली मान दिसत होती.

"ती भिंत माझ्यासमोर बांधली," आई म्हणाली. "गवंडी म्हणाला, मागं एक दार ठेवू का, वखारीतून लाकूड आणायला सोयीचं पडेल. तुमचे नाना म्हणाले, या घरातून जाणारं माणूस मला पुढूनच जाताना दिसलं पाहिजे. नाही ठेवलं दार. तुम्ही एकेक जण त्यातून जायला लागलात तेव्हा म्हटलं, जाऊ देत. बरं वाटतंय तर जाऊ देत. मी राहते आत."

"आई, पण मी पाहिलं हो हिरवं दार," सूनबाई पुढं वाकून म्हणाली. "नखात गेलं माझ्या."

"पाहिलंस ना. हिरवं दार होतंच. भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. नुसतं दार, चौकट नाही, काही नाही. तू आलीस त्याच्या आदल्या वर्षी ते पंपघराचं काढलेलं." आईनं टेबलावरच्या कागदावर हात फिरवला. कागद तिला दिसत नव्हता, पण बोट बरोबर हिरवळीच्या मधोमध थांबलं. "हे इथं. हौदावर लहानसं बांधलं होतं. वाकून जावं लागायचं. माळीबुवांनी रंगवलं होतं."

ताई कागदावर वाकली. हे बोट तिनं या जागी आधी पाहिलं होतं. पुस्तकाच्या वेळी आईनं तिथंच बोट ठेवलं होतं. ताई घरी नसतानाच्या वर्षांत बांधलेलं आणि त्याच वर्षांत पाडलेलं ते पंपघर. तिनं ते पेन्सिलीनं काढलं होतं. मग दुसरं तोंड हवं म्हणून ती भावाच्या दुकानात गेली होती.

"मी तुला विचारलं होतं," ती घड्याळजीला म्हणाली. "पंपघर आठवतं का म्हणून. तू म्हणालास, आपल्याकडं पंपघर नव्हतंच. तू भिंग लावून काम करत होतास. वर बघितलंसुद्धा नाहीस. म्हणून मी पुसलं ते."

"नव्हतंच," घड्याळजी म्हणाला. पण ते त्यानं फार हळू म्हटलं.

"पाडलं कधी?" खिळेकाकांनी विचारलं. संपादकाची सवय, विचारल्यावर त्यांना वाटलं, विचारायला नको होतं.

"धाकट्याला शोधून थकल्यावर," आई म्हणाली. "महिना गेला असेल. एके दिवशी हे म्हणाले, हौद गळतो. चार गाड्या माती आणली, हौद भरला, वर हिरवळ लावली. कधी गळत नव्हता तो. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. नंतर वीस वर्षं आम्ही एका ताटलीतली फळं खाल्ली, पण तेवढं एक विचारायचं राहून गेलं." ती ताईच्या आवाजाच्या दिशेनं वळली. "ते दार काढ बाई. खोटं आहे ते. माझ्यासाठी तर ठेवूच नकोस."

सूनबाई काहीतरी म्हणणार होती. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खांदा दगडासारखा घट्ट लागला.

ताईनं लाल पेन घेतलं. पाव वर्तुळावर काट मारली. मग पट्टी लावून तिनं भिंतीच्या दोन तुटलेल्या टोकांमधली रेघ भरून काढली, एका दमात, कचेरीत जन्मभर काढल्या तशी. उत्तरेची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद झाली. बाहेर हिरवळीवर अजिबात वारा नव्हता, तरी कुठंतरी दार लागल्यासारखं वाटून सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं.

घड्याळजी कागदाकडं बघत होता. त्याचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला, कडी वर उचलावी तसा, आणि तिथंच थांबला. कपाळावरचं भिंग घसरून डोळ्यावर आलं होतं. त्यामागचा डोळा मोठा दिसत होता, लहान मुलासारखा.

"मी त्याला म्हटलं होतं, नाना झोपले की येतो," तो म्हणाला. "आवाज करू नकोस म्हटलं. बाहेरून कडी लावली, कोणाला शंका नको म्हणून. मग त्याच रात्री नानांनी त्याला शोधायला म्हणून मला त्यांच्याबरोबर बाहेरगावी नेलं. दोन दिवस. मी आलो तर सगळे म्हणत होते, तो गेला, तो गेला..." त्यानं ताईकडं पाहिलं, मग बायकोकडं, मग आईकडं. "आई, भिंतीत दार नव्हतं तर मी त्याला कुठं सोडलं?"

आईनं चाचपडत त्याचा हवेतला हात शोधला, तो खाली आणला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बस," ती म्हणाली. "उठू नकोस आता. सावकाश आठव. मी आहे."